रिपोर्टनंतरचे तीन आठवडे

पत्र :
‘मी गुहागर तालुक्यात राहते, वय ३१. पहिली मुलगी पाच वर्षांची आहे. या खेपेला २० आठवडे २ दिवस झाले असताना चिपळूणला सोनोग्राफी केली. डॉक्टर बराच वेळ काही न बोलता बघत होते. मग म्हणाले, बाळाच्या मणक्यात उघडा दोष आहे आणि डोक्यात पाणी वाढलंय. रिपोर्टमध्ये ‘ओपन स्पायना बायफिडा’ आणि ‘१४ मिमी’ असं लिहिलंय. मिस्टर मुंबईला कामाला आहेत, ते म्हणतात, तू म्हणशील तसं. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर बसलीस त्याचं हे. देवळात कौल लावायचं चाललंय. मोठे दीर म्हणतात, गणपती बारा दिवसांवर आलेत, त्याआधी काय ते उरकून टाका. बाळ पोटात हलतंय. ठेवू म्हटलं तर भीती वाटते, नको म्हटलं तर मी कसली आई, असं वाटतं. कसं ठरवू?’

ताई,

आधी ते ग्रहण बाजूला काढू. ते डोक्यात असेपर्यंत तुम्हाला दुसरं काही सुचणार नाही.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून तयार होतो, ती नळी सुरुवातीला सपाट पट्टीसारखी असते. तिच्या कडा वर वळतात आणि चेन ओढावी तशा मिटत जातात. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत हे काम पुरं होतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. तुमच्या बाळाची चेन एका जागी मिटली नाही, ती तेव्हाच. त्यानंतर तुम्ही विळीवर बसलात, पपई खाल्लीत की रात्री विहिरीवर गेलात, याने मिटलेला कणा उघडत नाही. कुणी म्हणेल, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नीट घेतल्या नसशील. आपल्याकडे त्या गोळ्या नाव नोंदवायला गेल्यावर हातात पडतात आणि तोवर ती नळी मिटायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. आनुवंशिकतेचा थोडा भाग, शरीरात फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडसारखं जीवनसत्त्व) कमी असणं, आटोक्यात नसलेली साखर, फिट्सवरची काही औषधं अशी कारणं मिळून हा दोष होतो. बहुतेक घरांत यातलं एक ठळक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

सासूबाईंशी यावरून वाद घालत बसू नका. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना त्यांना बरोबर घ्या आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, ‘ग्रहणाचं तुम्हीच यांना समजावा.’ सुनेच्या तोंडून जे पटत नाही ते कधी कधी डॉक्टरांच्या तोंडून पटतं. तुमच्यावर बोट ठेवताना त्याही घाबरलेल्याच आहेत.

आता वेळेचं बघू. हे लिहितो आहोत त्या दिवशी तुम्हाला २१ आठवडे पूर्ण होतात. हा हिशोब पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून धरतात, पाळीच्या तारखेवरून नेहमीच नाही. म्हणून तो जुना रिपोर्ट शोधून फाइलला लावा. गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे. २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, बाळात गंभीर दोष असेल तर २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. २४ आठवड्यांनंतरही दार बंद होत नाही. मात्र तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीतज्ज्ञ असतात आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. सही लागते ती तुमची. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे नवऱ्याची किंवा सासूसासऱ्यांची संमती कायदा मागत नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणंही डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

म्हणजे ‘गणपतीच्या आधी’ ही मुदत दिरांनी घातली आहे, कायद्याने नाही. गणपती उरकण्यासाठी तुमचा निर्णय चार दिवसांत उरकू नका. पण गणपती होऊ दे मग बघू, असंही करू नका. अकरा दिवसांच्या धावपळीत दोन आठवडे कधी संपले ते कळायचं नाही.

या वेळात पहिलं काम म्हणजे दोष नक्की किती आहे, ते पक्कं करून घेणं. एका सोनोग्राफीवर ठरवू नका, रिपोर्ट कितीही स्पष्ट वाटला तरी. पोटातल्या बाळाच्या आजारांचे तज्ज्ञ, म्हणजे फीटल मेडिसिनचे डॉक्टर, मुंबईत मोठ्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत मिळतात. कोल्हापूर आणि गोवाही कोकणातल्या लोकांना जवळ पडतं. तुमचे मिस्टर मुंबईला आहेत तर तिकडेच जा, आणि शक्यतो या आठवड्यात. गणपतीच्या आधी सगळे चाकरमानी कोकणात येतात, मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या मोकळ्या असतात. गौरी-गणपती झाल्यावर उलट होतं आणि मुंबईचं तिकीट मिळत नाही. गाडीत बसताना पाठीला उशी घ्या आणि दर दीड-दोन तासांनी उठून थोडं चाला.

तिथे गेल्यावर काय विचारायचं, ते कागदावर लिहून न्या. समोर बसल्यावर शब्द आठवत नाहीत. दोष कुठल्या मणक्याशी आहे, हे पहिलं विचारा, कारण चालणं त्यावर ठरतं. कमरेच्या वरच्या भागात असेल तर बहुतेक मुलांना व्हीलचेअर लागते. अगदी खाली, माकडहाडाच्या जरा वर असेल तर बहुतेक जण चालतात, काहींना पायाला आधाराचे पट्टे लागतात. सोनोग्राफीत दिसलेला मणका आणि प्रत्यक्षातली ताकद यांत एकदोन मणक्यांचा फरक पडू शकतो, हेही डॉक्टरांकडून ऐकून घ्या. पावलं वाकडी आहेत का, पाय हलताहेत का, हृदय आणि किडन्या नीट आहेत का, दुसरा कुठला दोष सोबत आहे का, हे सगळं विचारा. डोक्यातलं १४ मिमी म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची रुंदी. ती १० मिमीच्या आत असायला हवी, १५ च्या पुढे गेली की तीव्र समजतात. उघड्या मणक्यामुळे मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो, पाण्याची वाट अडते, म्हणून ते साचतं. पाणी वाढलं म्हणजे बुद्धी गेली, असं नाही. या दोषाच्या बऱ्याच मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. ती साध्या शाळेत जातात, काहींना गणित आणि लक्ष देणं जड जातं.

गर्भजलाची तपासणीही सुचवतील. पोटातून सुईने १५ ते २० मिली पाणी काढतात. त्यामुळे गर्भ पडायचा धोका शंभरात एकाहून कमी असतो. झटपट तपासणीचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, बारीक जनुकीय तपासणीला दोनेक आठवडे लागतात. म्हणून ती करायची तर लगेच, शेवटच्या आठवड्यात नाही. शिवाय मुलांच्या मेंदू-मणक्याच्या सर्जनना भेटल्याशिवाय परत येऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञ दोष दाखवतात, पण ते मूल घेऊन घरात दिवस कसा जातो, हे सर्जनना आणि तशा मुलाच्या आईला ठाऊक असतं. ‘असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या आईशी बोलायला मिळेल का?’ असं तिथे सरळ विचारा.

ती आई काय सांगेल, त्याचा अंदाज यावा म्हणून इथे लिहितो. बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पाठीची शस्त्रक्रिया होते. अर्ध्याहून जास्त बाळांना डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी, शंट, बसवावी लागते. ती कधीही अडू शकते किंवा तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाळ वारंवार उलट्या करतंय, झोपाळलंय, टाळू फुगली आहे, असं दिसलं की काही तासांत सर्जन गाठावा लागतो. रात्री दोनला तुमच्या गावातून ते कसं जमेल, हा प्रश्न आत्ताच विचारण्यासारखा आहे. लघवीवर ताबा बहुतेकांना नसतो. दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. आई ते शिकते आणि पुढे मूल स्वतः करायला शिकतं. लघवी अडून राहिली तर किडन्या खराब होतात, म्हणून यात आळस चालत नाही. पोटात असतानाच करायच्या शस्त्रक्रियेबद्दल मोबाइलवर वाचलं असेल. ती २६ आठवड्यांच्या आत, निवडक बाळांवर आणि मोजक्याच ठिकाणी होते. आईच्या गर्भपिशवीलाही छेद द्यावा लागतो, पुढच्या बाळंतपणांत त्याचा धोका राहतो. विचारून घ्या, पण सगळी आशा तिथेच ठेवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. कसं ठरवू?

जिवाला दुखणं आणि निर्णय चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवलंत तरी दुखेल, कारण ज्या बाळाची वाट बघितली होती ते हे नाही. नाही ठेवलंत तरी दुखेल, कारण जे आहे ते हवं होतं. ज्या निर्णयाने दुखणार नाही तोच बरोबर, अशा शोधात असाल तर तो सापडायचा नाही, कारण तसा निर्णयच नाही. रडू आलं म्हणून चुकलं असं नाही, आणि निर्णय झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं म्हणून तुम्ही दगड झालात असंही नाही. दोन्ही एकाच दिवशी वाटतं. रात्री जेवून आडवं झाल्यावर बाळ हलतं, तेव्हा हात आपोआप पोटावर जातो. जाऊ दे. तो हात ठेवल्याने तुम्ही कुठल्याही बाजूला बांधल्या जात नाही.

‘मी कसली आई’ हा प्रश्न सध्या मनातून काढा. त्याला उत्तर नाही, तो फक्त कुरतडत राहतो. त्याऐवजी ज्यांना उत्तर आहे असे प्रश्न घ्या. दोन कागद करा. एकावर ‘ठेवलं तर’ लिहा आणि पुढच्या वर्षातला एक साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. नळी कोण घालतंय, मुलीला शाळेत कोण सोडतंय, शस्त्रक्रियेसाठी मुंबईत महिनाभर कुणाकडे राहायचं, पैसे कुठून. दुसऱ्यावर ‘नाही ठेवलं तर’, आणि तोच मंगळवार. घरात काय बोलाल, मुलीला काय सांगाल, दोन वर्षांनी स्वतःला काय सांगाल. एका बैठकीत लिहू नका. आज सकाळी, उद्या रात्री, परवा असं थोडं थोडं लिहा. तीन दिवसांनी दोन्ही वाचलेत की कुठल्या कागदावरची भीती माहिती मिळाल्यावर कमी झाली आणि कुठल्यावरची तशीच राहिली, ते दिसेल. राहिलेली भीती काय सांगते ते ऐका.

मिस्टर ‘तू म्हणशील तसं’ म्हणतात, त्यांना त्यात आधारच द्यायचा असतो. पण त्यामुळे तुम्ही एकट्या पडता. त्यांना म्हणा, ‘निर्णय नका सांगू, तुम्हाला कशाची भीती वाटते तेवढं सांगा.’ दहा मिनिटं ते बोलतील, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, मग दहा मिनिटं तुम्ही. फोनवर जमलं नाही तर मुंबईला गेल्यावर रुग्णालयाच्या बाहेर बसून बोला, घरात नको. मूल ठेवलंत तर अर्धं काम त्यांचं असणार आहे, तेव्हा त्यांची भीती तुम्हाला कळायलाच हवी.

कौलाबद्दल मनापासून सांगतो. देवाला गाऱ्हाणं घाला, कौल लावू नका. गाऱ्हाण्यात बळ मागता येतं. पण गुरवाने लावलेली पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, यावर हा निर्णय टाकलात, तर पुढे जन्मभर एक तर देवाचं ऐकलं म्हणून झालं किंवा देवाचं मोडलं म्हणून झालं, असं होऊन बसेल. मग तो निर्णय तुमचा राहणार नाही आणि दुःखही तुमच्या हातात राहणार नाही. घरच्यांना सांगा, ‘सुखरूप राहू दे एवढंच मागा.’ ते कुणी नाकारणार नाही.

न ठेवायचं ठरलं तर काय होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी काहीही करू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याने रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. मान्यताप्राप्त रुग्णालयातच व्हायला हवं. आधी एक गोळी तोंडाने देतात, एक-दोन दिवसांनी दाखल करून दुसऱ्या गोळ्या काही तासांच्या अंतराने. मग बाळंतपणासारख्याच कळा येतात. त्या सोसायच्याच असं काही नाही, दुखणं कमी करायचं औषध आधीच मागून ठेवा. पहिलं बाळंतपण सिझेरियन असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यावरून औषधाचं प्रमाण ठरतं. बाळ जन्मताना जिवंत असेल का, त्याचं हृदय आधी थांबवण्याचं इंजेक्शन देतात का, हेही विचारा. विचारायला जड आहे, पण त्या क्षणी पहिल्यांदा कळणं त्याहून जड. कधी वार, म्हणजे प्लॅसेंटा, अडकते आणि पिशवी साफ करावी लागते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं (पुढच्या गरोदरपणात रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणूनचं) इंजेक्शन घ्यायचं, ते विसरू देऊ नका.

बाळ बघायचं का, हे कुणी दुसऱ्याने ठरवू नये. वीत-दीड वीत लांब असतं. कातडी पातळ, लालसर, पापण्या मिटलेल्या. सिस्टरना सांगितलंत तर पाठ कापडात गुंडाळून फक्त चेहरा आणि हात दाखवतात. आधी ‘नको’ म्हणालात आणि तासाभराने ‘बघते’ म्हणालात तरी चालतं. कुणाला पावलाचा ठसा कागदावर हवा असतो. पुरायला बाळ आपल्या ताब्यात हवं असेल तर दाखल होतानाच सांगा, नाही तर रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे विल्हेवाट होते आणि मागून काही करता येत नाही. बाळाची शवतपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. दोष एवढाच होता की कुठल्या मोठ्या आजाराचा भाग होता, हे त्यातून कळतं आणि पुढच्या वेळचा सल्ला त्यावर ठरतो.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. दोन-चार दिवसांनी दूध येतं. छाती दगडासारखी होते, पोलकं ओलं होतं, आणि घरात बाळ नसतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त रडू येतं. सुटायच्या आधीच डॉक्टरांना दूध थांबवायची गोळी विचारा. रक्तदाब बघून ती देतात. घट्ट बसणारी ब्रा दिवसरात्र घाला, थंड पाण्याचं फडकं ठेवा, पिळून दूध काढू नका, काढलं की आणखी येतं. अंगावरून दोन आठवडे थोडं थोडं जाणं चालतं. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि दोन तास तसंच चाललंय, ताप आला, वास येतोय, यातलं काहीही असेल तर थांबू नका. नोकरी असेल आणि मातृत्व लाभाचे नियम लागू असतील, तर सहा आठवडे पगारी रजा मिळते.

ठेवायचं ठरलं तर बाळंतपण गावात किंवा तालुक्याला नको. नवजात बाळाची शस्त्रक्रिया होते तिथेच ते हवं. ३४ व्या आठवड्यापासून मुंबईत मुक्काम ठेवा, म्हणजे घाटात किंवा गाडीत कळा लागणार नाहीत. पाठ उघडी असल्याने जन्मल्याबरोबर ओलं निर्जंतुक कापड झाकतात. या मुलांना रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी सहज होऊ शकते, म्हणून लॅटेक्स टाळायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मजात दोषाच्या मुलांची तपासणी आणि उपचार होतात, आशाताईंकडून जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राची चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हे ठरवल्यावर ‘आता हौस बघा’ म्हणणारेही भेटतील. त्यांचं मनावर घ्यायचं नाही.

घर पाहुण्यांनी भरणार आहे, तर बोलायला एक माणूस नेमा, जाऊबाई किंवा नणंद. पाहुण्यांना तिने एवढंच सांगायचं : ‘बाळाच्या मणक्यात दोष निघालाय, उपचार चालू आहेत, तिला काही विचारू नका.’ निर्णय कुणालाही सांगायची गरज नाही. पुढे ‘बाळ गेलं’ एवढं म्हटलंत तरी ते खरंच आहे. पहिली मुलगी आहे म्हणून कुजबूज होईलही. बाळाचं लिंग सांगणं कायद्याने गुन्हा आहे आणि तुमच्या फाइलीत मणक्याचा रिपोर्ट आहे. फाइल जपून ठेवा. खुलासा मात्र कुणालाही देऊ नका.

मुलीला साधं सांगा : ‘बाळ खूप आजारी आहे, म्हणून आई रडते. तुझ्यामुळे काही झालं नाही.’ बाळ न राहिल्यास ‘झोपलं’ किंवा ‘देवाने नेलं’ म्हणू नका. त्या वयाची मुलं मग झोपायला घाबरतात.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मुलीकडेही बघवत नाही असं चाललं, तर ते नुसतं दुःख नाही, त्यावर उपचार असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. मरावंसं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, जवळच्या कुणाला तरी सांगा आणि एकट्या राहू नका.

पुढे कधी पुन्हा मूल हवं वाटलं तर हा दोष परत होण्याची शक्यता शंभरात तीन-चार असते. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून, शक्यतो तीन महिने, पहिले बारा आठवडे संपेपर्यंत रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं की ती बरीच घटते. तोवर कुटुंबनियोजनाचं साधन ठेवा, कारण पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात.

बाळंतपणाची दिलेली तारीख कॅलेंडरवर असेल. कुठलाही निर्णय घेतलात तरी ती खोडू नका. त्या आठवड्यात तुम्हाला जड जाईल, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा आणि तेवढे दिवस त्यांना गावी बोलावून घ्या.